हंड्याचा दोष नव्हता

आईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

आम्ही बरे आहोत. तुझी सून आज दोन घास जेवली. तिसऱ्या महिन्यात गर्भ पडल्याचं दादाने सांगितलं असेलच.

डॉक्टरीणबाईंना विचारून मी सगळं वहीत लिहून घेतलं. कधी नुसतं रक्त जातं आणि गर्भ टिकतो. कधी सगळं पडून जातं. कधी बाळाचे ठोके थांबतात, पण बाहेर काहीच दिसत नाही. हिचं अर्धवट पडलंय, म्हणून उद्या पिशवी साफ करतील. थोडाच वेळ लागतो म्हणे. मी तासातासाला ताप बघतो, तर म्हणते, "अहो, त्या थर्मामीटरला तरी विश्रांती द्या!"

पण कपड्यांचं गाठोडं घेऊन जिना चढले म्हणूनच झालं, हे तिच्या डोक्यातून जात नाही. बाई म्हणाल्या, "ओझ्याने नाही हो होत. बहुतेक वेळा गर्भाची घडणच मुळात बिघडलेली असते."

फोनवर जीभ रेटली नाही, म्हणून लिहितो. माझ्या आधी तुझाही एक गेला होता. हंडा उचललास म्हणून गेला, असं आजी शेवटपर्यंत म्हणायची आणि तू मान खाली घालून ऐकायचीस. आई, तो हंड्यामुळे गेला नव्हता.

गुडघा कसा आहे? पत्र मिळालं की हिला फोन कर. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.

तुझा,
धाकटा