वेशीवर बंडी थांबली

पौष शुद्ध पंचमी, शके १७८५. अमरावतीच्या वाटेवर मुक्काम.

तेवीस वर्षे पलटणीत काढून हवालदार म्हणून घरी आलो, आणि आज अंजनगावच्या वेशीवर असा वेडेपणा केला. अजून हसू येते आहे.

अमेरिकेत लढाई पेटून इथल्या कापसाचा भाव चढल्यापासून सारे वऱ्हाड कापूस घेऊन अमरावतीला निघाले आहे, मग आम्हीच कशाला मागे राहावे? बंडी भरली. वर कापसावर सरूची आई बसली. सरू, आमची लेक, अमरावतीलाच दिली आहे. वेस आली आणि मी बैल थांबवले, खाली उतरलो, हिला उतरवून घ्यायला हात पुढे केला.

का? सवय, दुसरे काय. दर वेळी रजा संपली की ही मला वेशीपर्यंत पोहोचवायला यायची आणि तिथेच उतरायची. मी वळून पाहत नसे. पाहिले असते तर पाय उचलला नसता.

"काहून थांबले?" हिने विचारले. मग माझा हात पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसतच सुटली.

"हवालदारसाहेब, मले आता सरूच्या दारातच उतरवा."

आता तीन दगडांच्या चुलीपाशी भाकर थापते आहे आणि मधूनच हसते आहे. हसू दे. तिला एक गोष्ट सांगितली नाही. बंडी पुढे निघाल्यावर मी वेशीकडे वळून पाहिले, तेवीस वर्षांत पहिल्यांदाच. तिथे कोणी उभे नव्हते.