काळ्या खिडकीतून ऑफिस

प्रिय चिमणे,

तुझे पेपर चांगले चाललेत हे ऐकून बरं वाटलं. फोनवर मी नेहमी ‘इकडे सगळं ठीक’ एवढंच म्हणते, म्हणून आज लिहायलाच बसले. बाबा आतल्या खोलीत झोपलेत.

गेल्या उन्हाळ्यापासून ते घरूनच काम करतात, हे तुला माहीत आहे. का, ते माहीत नाही. त्यांचा उजवा हात ऐकेनासा झाला. नदीवरच्या नव्या पुलाचे नकाशे त्यांच्याकडे होते. ऑफिसचा कॉम्प्युटर घरच्या पडद्यावर उघडायचा, तर आधी चार ठिकाणी क्लिक करावं लागे आणि माउसचा बाण त्या इवल्याशा चित्रावर काही केल्या थांबेना. बाबा दातओठ खायचे. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत राहायची, माझं लक्ष नाही असं त्यांना वाटावं म्हणून.

शेवटी त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंना मीच फोन लावला. त्या म्हणाल्या, “वहिनी, माउस हवाच कशाला? हुकूम टाइप करा.” पडद्यावर हुकूम लिहायची काळी खिडकी उघडायची, त्यात इंग्रजीत ‘एमएसटीएससी’ लिहायचं, जागा सोडून तिरकी रेघ, मग व्ही, एकावर एक दोन टिंबं आणि पुढे ऑफिसच्या मशीनचं नाव. मी जन्मभर शिवणयंत्र चालवलेली बाई! कधी रेघ उलटी पडे, कधी टिंबं राहून जात, आणि दर वेळी चुकल्याची पाटी हजर. जमलं तेव्हा बाबांचं ऑफिसातलं टेबलच जणू घरात आलं. मग बाईंनी ती अख्खी ओळ एका फाइलमध्ये ठेवून दिली. फाइलचं नाव लिहिलं की पुरे. बाबा तुझंच नाव देणार होते. मग म्हणाले, “नको, त्यात अक्षरं फार.” ‘पूल’ ठेवलं. इंग्रजी लिपीत पी, यू, एल, तीनच अक्षरं. डाव्या हाताच्या एका बोटाने तेवढी दाबायची, एंटर मारायचं आणि कामाला लागायचं. नकाशातल्या रेघासुद्धा ते आकडे टाइप करून काढत. शेवटचा नकाशा मागच्या आठवड्यात मंजूर झाला. त्यानंतर त्यांनी मशीन उघडलेलं नाही.

परवा जेवताना ते काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. पुन्हा म्हणाले, तरी नाही. मग नुसते हसले आणि पाण्याच्या भांड्याकडे बोट केलं. डॉक्टर म्हणतात, हा आजार हातावर थांबणारा नव्हताच. आता बोलणं जाईल. कधी, ते सांगता येत नाही.

परीक्षा संपेपर्यंत तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. आजवर मी ऐकलं. पण बाळा, पेपर पुढच्या वर्षीही देता येतील. काल दुपारी त्यांनी मला विचारलं, “ती कधी येणार?” तेवढं अगदी स्पष्ट कळलं गं. त्यांना तुझ्याशी बोलता येतंय, तोवर ये.

तुझीच वाट पाहणारी,
आई