टोकदार बूट आणि धावबाद भाचा

सुकापूर, नवीन पनवेल
१२ एप्रिल, रविवार दुपार

आदरणीय हरेशभावजी यांस,

कमळाकरचे दोन्ही हात जोडून नमस्कार. (पायही जोडले असते, पण मधे ते शेजारी ठेवले तरी कण्हायचे.) तुमची, सुमतीची आणि तुमच्या गुडघ्याची तब्येत ठणठणीत असेल असं समजून घेतो. समजूनच घ्यावं लागतं, कारण गेले अडीच महिने तुमच्या घरचा फोन नुसता वाजतो. सुमती माझी धाकटी बहीण. लहानपणी ती रुसली की माळ्यावर जाऊन बसायची, पण जेवायच्या वेळी खाली उतरायची. तुम्ही पडलात जावई, तुमचा रुसवा त्याच मानाने मोठा असणार. म्हणून फोनचा नाद सोडून पत्र लिहितो आहे. फोन कापता येतो, पत्र फाडावं लागतं, आणि फाडण्याआधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच.

पहिलं म्हणजे तुम्ही दिलेल्या बुटांचे आभार मानायचे राहून गेले. माझ्या पंचगिरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून डिसेंबरात गावच्या मंडळाने मला शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा तुम्ही स्टेजवर येऊन तो खोका माझ्या हातात ठेवलात. बूट काळे, चामड्याचे, आरशासारखे चकचकीत आणि पुढून असे टोकदार की वेळ पडली तर त्या श्रीफळाचा काथ्या त्यांनीच सोलावा. वर माईक घेऊन म्हणालात, "पंच कसा साहेब दिसला पाहिजे. स्लिपरवर उभं राहून आउट दिलं तर ऐकतो कोण?" टाळ्या पडल्या. पंचवीस वर्षं मी कापडी बुटात, रबरी चपलेत आणि एकदा चिखलात चक्क अनवाणी उभा राहिलो, आणि लोक बिचारे ऐकत आले. त्यांची केवढी फसवणूक झाली होती ते मला त्या दिवशी कळलं. (बूट आठ नंबरचे होते. माझ्या पायाला आठ नंबर का, हा विषय मी काढत नाही. भेटवस्तूचं माप काढू नये.)

जानेवारीत आमच्या मैदानावर टेनिस बॉलची स्पर्धा झाली. तुम्ही ती दरवर्षी बघता, पण बघता ती बक्षिसाची मोटरसायकल. पंचाकडे कधी पाहिलं नसेल. चार दिवस, दिवसाला बारा सामने, चार-चार षटकांचे. खेळाडू येतात, खेळतात, बिर्याणी खाऊन सावलीला पडतात. पंच मात्र सकाळी आठला चौथ्या स्टंपासारखा रोवला जातो आणि दिवेलागणीला उपटला जातो. पहिल्या दिवशी तिसऱ्या सामन्यापर्यंत माझ्या दोन्ही करंगळ्या बधिर झाल्या. मला वाटलं, चला, दुखायचं तरी थांबलं. दुपारी जेवताना बूट काढले ही मोठी चूक झाली, कारण मोकळे झालेले पाय परत आत जायला तयार होईनात. शेवटी मी मेलेल्या... म्हणजे बसलेल्या म्हशीला दोघांनी उठवावं तसे दोन खेळाडूंनी मला ढकलून बुटात उभं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला तर टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ. मग घरोघरचे तज्ज्ञ आले. कोणी सांगितलं मिठाचं पाणी, कोणी सांगितलं रुईचं पान, कोणी सांगितलं वय. मी स्वतःच्या बुद्धीने भांडी घासायचे दोन नवे स्पंज कापून बुटात घातले. आराम पडला, अगदी पाऊण तास. मग घामाने स्पंज भिजले आणि पावलागणिक बुटातून बेडूक बोलायला लागला. एका फलंदाजाने गोलंदाजाला थांबवून माझ्याकडे तक्रार केली की मागून आवाज येतो, लक्ष लागत नाही. मी नियमाप्रमाणे चेंडू रद्द केला. पंचामुळे चेंडू रद्द होण्याची ही आमच्या तालुक्यातली बहुधा पहिलीच वेळ असावी.

चौथ्या दिवशी अंतिम सामना. सुकापूर विरुद्ध तुमचं उरण. तुमचा अवधूत, म्हणजे माझा भाचा, फलंदाजीला होता आणि बरा खेळत होता. (मामाने तटस्थ असावं म्हणून फक्त बरा म्हणतो.) शेवटच्या षटकात त्याच्या जोडीदाराने चेंडू टोलवला, एक धाव झाली, आणि दुसरीसाठी अवधूत माझ्या टोकाला परत आला. आता धावबादचा निकाल द्यायचा तर पंचाने स्टंपामागून धावत बाजूला जायचं असतं. बाजूने रेघ दिसते, बॅट दिसते, सगळं दिसतं. सहा-सात पावलांचं काम. मी पायांना हुकूम सोडला. पायांनी तो दाखल करून घेतला नाही. मी जागच्या जागी, उजवी टाच उचलून, एका पायावर उभा राहिलो. समोर गोलंदाजाची पाठ, त्यापलीकडे धूळ, आणि धुळीत उडालेली बेल तेवढी दिसली. मी बोट वर केलं.

अवधूत भांडला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, मी आत होतो." आणि बॅट काखेत मारून चालू लागला. उरण दोन धावांनी हरलं. तो भांडला असता तर मी पंचाच्या रुबाबात त्याला गप्प केलं असतं. तसं काही करायला त्याने जागा ठेवली नाही.

नंतर तो व्हिडिओ मोबाइलवर सगळ्यांनी पाहिला. बॅट वीतभर आत होती. कॉमेंट्री करणाऱ्याने तर जाहीर केलं की पंचांनी निर्णय योगासनात दिला. तुमच्या उरणकरांनी त्याला गाणं जोडून तो व्हिडिओ इतका फिरवला की मस्कतहून एका जुन्या मित्राने माझ्या प्रकृतीची चौकशी केली. म्हणजे बघा भावजी, बूट तुमचे, आउट तुमचा मुलगा. घरचं घरात राहिलं. तरी रुसवा आमच्यावर.

पुढच्या आठवड्यात मंडळाचा सेक्रेटरी परेश घरी आला, सोबत गादी लावलेली खुर्ची घेऊन. म्हणाला, "कमळाकरदादा, तुमी आता टेबलाव बसा. स्कोर लिवा. सावली हाय, पंखा हाय. उभं रायाला आमी हाय ना." इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी बाद केलं नव्हतं. तो गेल्यावर मनिषाने चहा ठेवला आणि म्हणाली, "घ्या खुर्ची. नाहीतरी हार घातलेला फोटो बसलेलाच चांगला दिसतो." बायको इतकी वर्षं सोबत राहिली की वैद्यकीय सल्ला असा देते. दुसऱ्या दिवशी तिनेच मला खारघरला सायमाकडे नेलं.

सायमा म्हणजे पनवेलच्या बूटवाल्या नझीरची मुलगी, फिजिओथेरपिस्ट झाली आहे. मी तिला तुमचे बूट दाखवले. (पुरावा म्हणून नेले होते.) तिने बूट जमिनीवर ठेवला आणि माझा पाय आत न घालता वरूनच त्यावर ठेवायला लावला. दोन्ही बाजूंनी पाय बाहेर. "काका," ती म्हणाली, "हा पाय तुम्ही घातला नव्हता, कोंबला होता." मग समजावलं की टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, दिवसभर कडक तळाच्या बुटात उभं राहून तो सुजतो, आणि पोटऱ्या ताठ झाल्या की त्याला आणखी ओढतात. मी विचारलं, गोळी कोणती? ती म्हणाली, गोळी नाही, पायरी. रोज सकाळ-संध्याकाळ पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा हळूहळू खाली सोडायच्या, आणि बर्फ केलेली पाण्याची बाटली तळव्याखाली लाटण्यासारखी फिरवायची. पोळ्या लाटायला कधी हात लावला नाही म्हणून हे नशिबी आलं, असं मनिषाचं मत पडलं. शेवटी सायमाने बुटांची चिठ्ठी लिहिली आणि बापाकडे पाठवलं. मुलीने चिठ्ठी द्यायची, बापाने बूट विकायचे. मी मनात म्हटलं, धंदा छान बसवला आहे.

पण नझीरने मला सकाळी दुकानातून परत पाठवलं. "कमळाकरभाई, संध्याकाळी या. दिवसभर उभं राहून पाय फुगतो, खरं माप तेव्हाच मिळतं. आणि मैदानावर घालता तेच मोजे घालून या." संध्याकाळी त्याने मला पुठ्ठ्यावर उभं करून पेन्सिलीने दोन्ही पाय आखले. डावा मोठा निघाला. बूट मोठ्या पायाचा घ्यायचा, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवायची. एक सुंदर चमकता जोड मी उचलला तर त्याने तो मधोमध घडी करून दाखवला. "बूट बोटांपाशी वाकला पाहिजे. हा कमरेत वाकतो. मुजरा करायचाय का?" शेवटी दिलेले बूट दिसायला पावासारखे आहेत, टाचेला घट्ट, पुढे रुंद, आत मऊ, खाली बारीक रबरी दाणे. तेही पहिले दहा दिवस घरातच घालायला सांगितले. त्यामुळे मी बूट घालून देवपूजेला बसलो नाही, एवढंच. बाकी सगळं बुटातच केलं.

गेल्या रविवारी परेशला मी म्हटलं, एक दिवस उभा राहून बघतो, पाय लचकला तर खुर्ची घेतो. नऊ सामने उभा राहिलो, दुपारी मोजे बदलले. सातव्या सामन्यात धावबाद आलं. मी धावलो, बाजूला पोचलो, रेघ पाहिली, बॅट पाहिली आणि आउट दिला, तोही आपल्याच गावचा. मला दोन शिव्या पडल्या. फार दिवसांनी पडल्या, बरं वाटलं.

असो. सुमतीला आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा नमस्कार, आणि तुमच्या टोकदार बुटांना आमच्या कपाटात स्वतंत्र खण दिला आहे.

तुमचा मेहुणा,
कमळाकर

ता. क. पत्र मनिषाने वाचलं आणि खालचं लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नाही. डिसेंबरात तुम्ही फोन करून माझा नंबर विचारला होतात, तेव्हा मीच आठ सांगितला. लग्नात आठ होता, तोच सांगत आलो. खरा साडेनऊ आहे. आणि पहिल्याच दिवशी बूट बदलता आले असते, पण लोक वळून बघत होते.

ता. क. २. निकाल चुकीचा होता असं मी मंडळाला लेखी दिलं आहे, खाली सही करून. सामना परत होत नाही, पण ते पत्र त्यांच्या फळ्यावर लागलं आहे. अवधूतला एवढंच सांगा की तो आत होता.

ता. क. ३. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. अवधूतचं लग्न यंदा होणार हे आधीपासून ठाऊक होतं, पण ते मे महिन्यात ठरल्याचं आम्हाला पनवेलच्या पत्रिका छापणाऱ्याकडून कळलं. त्याने कच्ची पत्रिका दाखवली. खाली मामाच्या नावाची ओळ कोरी आहे. नाव घालायचं की ओळच काढायची, ते उरणहून कळवणार आहेत म्हणाला. भावजी, मंगलाष्टकांना मामा नवऱ्याच्या मागे उभा राहतो. तुमचे भटजी पाऊण तास घेतात. ते जमावं म्हणून मी दोन महिने पायरीवर टाचा खाली-वर करतो आहे. मैदान हे निमित्त. छापणारा गुरुवारपर्यंत थांबणार आहे. मी त्याला कागदावर नाव मोठ्या अक्षरात लिहून देऊन आलो आहे, चूक व्हायला नको म्हणून. तो तुमच्या फोनची वाट बघतो आहे.