‘बोंब’चं चौथं पान

प्रिय मामा,

शिमगा आठ दिवसांवर आलाय आणि तुझ्या ‘बोंब’ची चार पानं माझ्या टेबलावर आहेत. तू गेल्यावर मामीने ती रत्नागिरीला माझ्याकडे पाठवली. तीन टाइप झाली. चौथं होत नाही, म्हणून तुलाच लिहितेय.

सावर्ड्यातल्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानातून कुणी रॉक संगीताचं नियतकालिक काढतं का रे? तेही वर्षातून एकदाच, शिमग्याला! “होळीभोवती फाका मारतात तेव्हा सरपंचही शिव्या ऐकून हसतो. मग गिटारवाल्यांनीच का रागवावं?” हे तुझं म्हणणं.

दम्यामुळे माझी पहिली-दुसरी घरीच झाली. मास्तर तू, मधल्या सुट्टीची घंटा म्हणजे तुझा माउथ ऑर्गन. कॅसेट लावायचास आणि म्हणायचास, “डोळे मीट. आता खरं सांग.” मी म्हणायची, “छान आहे.” “छान काय गो? छान तर पोहेही असतात!”

काय एकेक लिहायचास! “काळ्या कपड्यांनी बंडखोर होता आलं असतं, तर वकिलांनी कधीच क्रांती केली असती.” रील्सबद्दल तर, “हापूसची साल चाटायची आणि पेटी संपवल्याचा ढेकर द्यायचा.”

पण मुंबईच्या कुठल्याशा गोदामात बारा जणांसमोर वाजवणाऱ्या पोरांसाठी तूच रात्रभर एसटीने जायचास. वर त्यांचे स्पीकर उचलू लागायचास. ज्यांना झोडणार त्यांचेच! आई म्हणायची, “मेल्याला देवाने कान दिले, भीड द्यायला विसरला.”

ती सगळी भीड माझ्या वाट्याला आली. चिपळूणच्या एका बँडबद्दल तू लिहिलंस, “गायक गात नाही, माफी मागतो.” मुद्रितं तपासताना मी गुपचूप केलं, “गायक हळुवार गातो.” बिचाऱ्याला वाईट वाटेल ना! छापलेला अंक तू वाचलास आणि गठ्ठे बांधायला घेतलेस. ओरडला का नाहीस, मामा?

पुढच्या आठवड्यात तोच गायक दुकानात आला. पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, “काका, शिवीसुद्धा दिली नाहीत. एवढे वाईट होतो आम्ही?” तू माझ्याकडे पाहिलंस. मी स्टेपलर शोधत बसले.

आता हे चौथं पान. गेल्या वर्षी खोट्या नावाने मी तुला माझी तीन गाणी पाठवली होती. त्यांच्यावर तू लिहिलंयस, “पोरगी प्रत्येक ओळीआधी परवानगी मागते. पहिली दोन गाणी फेकून द्यावीत. तिसऱ्यात तिचा श्वास अडकतो, सूर सुटतो, आणि तिने ते तसंच ठेवलंय. तिथे मी खुर्चीतून उठलो.”

खाली लाल पेनाने, “अगो, यातला एक शब्द मऊ केलास तर बघ!”

श्वासावरून ओळखलंस ना? लहानपणी धाप लागली की पाठ चोळत तूच बसायचास. मग जिवंतपणी सांगितलं का नाहीस रे?

सकाळपासून ‘फेकून द्यावीत’ दोनदा खोडलं. दोनदा परत लिहिलं. तू उठलास ते वाक्य ठेवायचं आणि हे काढायचं, असं कसं चालेल?

तर ऐक. शब्दाला शब्द छापीन. खोटं नाव काढून माझं घालीन. शिमग्याच्या पालखीच्या दिवशी अंक स्वतः वाटीन, पहिला त्या चिपळूणच्या गायकाला. आणि होळीभोवती आयुष्यातली पहिली फाक मारीन, ती तुझ्या माउथ ऑर्गन वाजवण्यावर. ते भयानक होतं, मामा. तुला कुणी कधी सांगितलंच नाही.

तुझी भाची आणि मुद्रितं तपासणारी,
मेघा