बाबांचा कान

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ज्यांच्या पंपाने आपल्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवलं, त्या संशोधकांच्या उठावशिल्पाचं काम स्मारक समितीने मला दिलंय! तुमच्याच पंपघराच्या भिंतीसाठी, ब्राँझमध्ये. चेहरा एका बाजूने दिसणार आणि एकूणएक फोटोत कान टोपीखाली. आता ते हयातही नाहीत. बाबांच्या उजव्या कानाचा साचा काढशील? प्लास्टर पाठवतेय. आधी कानात कापूस घाल, वरून तेल लाव. आजारी माणसाला छळते म्हणून रागावू नकोस.

तुझ्या रागासकट तुझीच,
धाकटी

२१ जून

चि. मातीखाऊस,
अनेक आशीर्वाद.

साचा सोबत आहे. बाबा म्हणाले, जन्मभर हिचे कान मी पिळले, आता हिने माझा धरला. येईल-जाईल त्याला सांगतात, मी भिंतीवर चढणार. आईने ते बघायला चष्मा बदलून घेतला. डॉक्टर मात्र फारसं बोलत नाहीत. लवकर कर गं.

माया आहेच,
ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना स्मशानात पोचवून परतल्यापासून त्या कानावरच काम केलं. उठावात तोच सगळ्यांत वर येतो. साधला, तेव्हा वाटलं, हाक मारली तर वळतील.

काल संशोधकांची मुलगी ब्राँझ ओतण्याआधीचा मातीचा नमुना बघायला आली. कानापाशी थांबली. म्हणाली, माझ्या बाबांच्या कानाची पाळी अशी लोंबती नव्हती, गालाला चिकटलेली होती. लहानपणी ती धरूनच मी झोपायचे. समितीला काही कळलं नसतं, ताई. तिला नकार देता आला असता मला. मी माती कापायची तार घेतली आणि पाळी कापली. ती दाखवत गेली, तसा सगळा कान नव्याने केला.

आईला तूच सांग. मला जमणार नाही.

तुझी,
धाकटी

२ नोव्हेंबर

चि. मातीखाऊस,
अनेक आशीर्वाद.

अनावरण झालं. तुला बोलावलं नाही, पाटीवर तुझं नावही नाही. त्यावर आई समितीला काय बोलली ते भेटीत सांगेन.

कानाचं सांगायचा मला धीर झाला नव्हता. गर्दी पांगल्यावर आईने हात वर करून तो चाचपला. बराच वेळ. मग म्हणाली, हे ते नाहीत. तेव्हा मी तुझं पत्र तिथेच वाचून दाखवलं. संशोधकांची मुलगी अजून तिथेच होती; आई सरळ तिच्याकडे गेली आणि विचारलं, तुझेच बाबा आहेत ना गं? मुलीने मान डोलावली.

घरी आल्यावर आईने चष्मा काढून ठेवला. म्हणाली, तो साचा तरी मागवून घे. मी म्हटलं, अगं, तो नुसता पोकळ असतो. म्हणाली, असू दे, त्या कानाने त्यांनी माझं तसंही कधी ऐकलं नाही.

नीट गुंडाळून पाठव.

तुझी,
ताई