बूचप्रमुख

आदरणीय व्हर्लिन दाजी यांस,

एल्वुडचा नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? आर्डिसताईच्या हातची लेफ्से, ती बटाट्याची पातळ पोळी, खाऊन वर्ष झालं. तिला सांगा, तुझा भाऊ वाळला (मार्लिस मागून वाचते आहे आणि हसते आहे, तरी तुम्ही वाळला असंच सांगा). आम्ही दोघं सुखरूप आहोत. सुखरूप हा शब्द आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचा मजकूर वाचताना तुम्हाला शंका येईल.

आपल्या टिनकप तळ्यात ते पट्टेरी शिंपले अजून शिरलेले नाहीत, हे तुम्ही जाणताच. आजूबाजूच्या तळ्यांचं त्यांनी वाटोळं केलं, आणि ते जातात कसे, तर आमच्यासारख्या हौशी गळवाल्यांच्या होड्यांमधून, तळाशी उरलेल्या पाण्यातून. म्हणून क्लबाने यंदा नावा तपासण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. (मी हात वर केला होता तो कॉफी उरली आहे का, हे विचारायला.) एकदा काम मिळाल्यावर मात्र मी कोणाला सोडलं नाही. नाव पाण्याबाहेर आली की तिच्या तळाच्या भोकाचं बूच काढा, पाणी सांडून द्या, पाच दिवस वाळवा, मगच दुसऱ्या तळ्यात घाला. टोइवो केटुनेनचा तर मी थर्मासही उघडायला लावला. माझं स्वतःचं बूच लाल दोरीत ओवून छातीवर मिरवत होतो. लोक मला बूचप्रमुख म्हणू लागले आणि तो मी मान समजलो.

शनिवारी वॉलआय मासे पकडण्याची स्पर्धा होती. माझ्या नावेचं इंजिन दुरुस्तीला गेलेलं, म्हणून एका जवळच्या माणसाची नाव नेली. माझं बूच दोन्ही नावांना बसतं, म्हणून तिलाही गळ्यातलं हेच लावायचं ठरवलं. धक्क्यावर उभा राहून एकेका नावेचं बूच काढलेलं आहे ना, हे वाकून पाहिलं. मग गळ्यातलं बूच उंच धरून भाषण केलं, की एवढीशी ही वस्तू, पण आपलं तळं हिच्या हाती आहे. टाळ्या झाल्या (सगळ्यांचे लोकरी हातमोजे असल्यामुळे आवाज आला नाही). त्यानंतर मी मोठ्या रुबाबात नाव पाण्यात घातली.

थोडं आत गेल्यावर मार्लिस म्हणाली, “अहो बूचप्रमुख, माझे मोजे ओले होतायत.” मी म्हटलं, तळ्यावर मोजे ओले व्हायचेच. मग गळांची पेटी आपोआप तरंगत माझ्या पायाशी आली. शेजारच्या नावेतून टोइवो ओरडला, “काय रे एल्वुड, ते गळ्यातलं काय दागिना म्हणून घातलंयस?” मी त्याला हात केला. मला वाटलं, कौतुक करतोय. मार्लिसने मात्र वळून माझ्या गळ्याकडे पाहिलं. लग्नाच्या दिवशीही तिने माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

नाव रस्त्यावरून नेताना बूच काढलेलं असावं, हा नियम मी तंतोतंत पाळला होता, हे मी तिला बुडता बुडता समजावलं. ते परत लावावं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिणारा मीच. नशिबाने पाणी कमरेइतकंच होतं. टोइवोने आम्हाला ओढून घेतलं, त्याच थर्मासातली कॉफी दिली आणि म्हणाला, “यापेक्षाही वाईट होऊ शकलं असतं.” आमच्याकडे याहून कडक कोणी बोलत नाही.

मासा अर्थातच मिळाला नाही. ताईला नमस्कार.

आपला,
एल्वुड

ता. क. नाव तुमची होती. ट्रेलरचा दिवा बदलायला ठेवून गेला होतात ना, तीच. दिवा बदलला आहे. छान लागतो.

आणखी एक. हे सगळं पत्र मी एवढ्यासाठी लिहिलं. त्या दिवशी नाव शेवटी कुठल्या पाण्यात होती हे मी प्रत्येकाला विचारलं, फक्त स्वतःला विचारलं नाही. बुडताना तुमच्या नावेत जे काही होतं ते सगळं तळ्यात गेलं. दाजी, माझ्याकडे आणण्याआधी तुम्ही ती सेव्हन पाइप्सच्या तळ्यात घातली होती का? तिथे शिंपले आहेत. ताईला न सांगता गेला असाल तर मी तिला सांगणार नाही, पण मला बरं वाटावं म्हणून खोटंच “नाही” असं म्हणू नका. हो असेल तर मी क्लबात उभा राहून सांगेन. लोक हसतील त्याचं काही नाही. पण त्या पाण्यात उभा होतो तेव्हा मला माझे बूट स्वच्छ दिसत होते, इतकं आपलं पाणी अजून नितळ आहे, आणि ते माझ्या हातून नासलं असेल अशी मला भीती वाटते आहे.

अजून एक. शनिवारपासून मी रोज त्या जागी जाऊन दगड उलटून पाहतो, आणि तुमचं उत्तर येईपर्यंत पाहत राहीन. (शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, हे भाषण माझंच आहे.) आज टोइवो आला. काय शोधतोयस म्हणाला. मी म्हटलं, चष्मा पडला. चष्मा माझ्या नाकावर होता. त्याने तो पाहिला, बाह्या वर केल्या आणि माझ्या शेजारी दगड उलटू लागला.