खुर्चीत बसवलेली रायफल

ती. दाजी यांना,

दोन वर्षांच्या अंतरावरून साष्टांग नमस्कार. (तुमचं घर आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे हे मला माहीत आहे. पण तो अर्धा तास तुम्ही दोन वर्षांत चाललेला नाहीत, म्हणून मी अंतर वर्षांत मोजतो.) तुमची तब्येत ठणठणीत आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तुमच्याइतका नाही, असं ताई फोनवर सांगत असते. इकडे सगळे खुशाल. तुमच्या दातांची चौकशी मी मुद्दामच करत नाही. त्या विषयावर आपली मतं वेगळी आहेत आणि माझं मत अजून तेच आहे: वरचा उजवीकडचा जो दात मी काढला, तो काढायलाच हवा होता, आज ना उद्या त्याने त्रास दिलाच असता. मग शेजारचा दात तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन काढून घेतलात, दुखायचं थांबलं, आणि तेव्हापासून आमच्या घरी पाऊल टाकलं नाहीत, याचं मी मनाला लावून घेतलेलं नाही. विषयसुद्धा काढत नाही. फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही लगेच फोन ताईकडे देता, म्हणून हे पत्र. आमच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाई तुमच्या मागच्याच गल्लीत राहतात, त्या आणून देतील.

तर तुमच्या लाडक्या भाचीची, म्हणजे आमच्या लेकीची, नवी रायफल बुधवारी घरी आली. इतके दिवस ती क्लबच्या जुन्या रायफलीवर सराव करत होती. परवा, रविवारी सकाळी आठ वाजता संघाची निवड आहे आणि तिथे तिला स्वतःची रायफल घेऊन उभं राहायचं आहे, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत असणार. लांबलचक खोकं दारातून आत आलेलं पाहून आमच्या सौ. म्हणाल्या, आला वाटतं पडद्याचा गज. (तो मी आठ महिने आणतो आहे.) खोक्यात गज नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा जो उतरला तो अजून चढलेला नाही. लेकीला कॉलेजात परीक्षा होती. तिने रायफल दवाखान्यातल्या लोखंडी कपाटात ठेवली, तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलेला नऊ कलमांचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि मला बजावलं, "बाबा, पहिल्या वापराआधी ती नीट तपासून पुसून घ्यायची असते. चार वाजता आले की मी करते. तुम्ही हात लावू नका." एवढं सांगून किल्ली माझ्याच हातात दिली, आणि घोटाळा इथेच झाला.

दाजी, तुम्ही लष्करात तीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्यात, तुमचा अधिकार मी नाकारत नाही. पण माझंही अख्खं आयुष्य अरुंद, अंधाऱ्या, ओल्या जागी डोकावण्यात गेलं आहे. एक सरळ नळी तपासायला मला कसली भीती? (तुम्ही आत्ता हसलात ते मला इथे ऐकू आलं.) आणि कलमं मी इमानदारीने पाळली. पहिलं कलम, स्वतः बघेपर्यंत बंदूक भरलेलीच समजावी. मी तिचं तोंड भिंतीकडे ठेवून बोल्ट मागे ओढला, आत पाहिलं, करंगळी घालून पाहिलं, आणि मग आमचा तोंडात घालायचा छोटा आरसा घालून पुन्हा पाहिलं. इतकं तर तुमच्या पलटणीतही कुणी पाहिलं नसेल. दुसरं, नंबर परवान्याशी जुळतो का. जुळला. तिसरं, सगळे स्क्रू घट्ट आहेत का. होते. चौथं, दस्त्याला कुठे चीर गेलेली नाही ना. नव्हती, आणि असती तर मी बुजवली असती. प्रकाश पुरेना म्हणून मी रायफल पेशंटच्या खुर्चीत आडवी केली, वरचा दिवा तिच्यावर घेतला, आणि कारखान्याचं ग्रीस खुर्चीच्या रेक्झिनला लागू नये म्हणून तिच्या गळ्यात नॅपकिन बांधला. बाई म्हणतात की मी तिला "आ करा" असंही म्हणालो. सवयीने म्हणालो असेन.

पाचव्या कलमात तुम्ही लिहिलं आहे की नळी गजाने आणि चिंधीने पुसावी, आणि ती मागच्या बाजूने पुसावी, पुढून कधीही नाही. आता गज होता लेकीच्या क्लबच्या पिशवीत आणि पिशवी होती तिच्या खांद्यावर. मग मी चिंधीऐवजी आमच्याकडच्या कापसाच्या गुंडाळ्या घेतल्या (गालात ठेवतो त्या, तुमच्याही ठेवल्या होत्या) आणि गजाऐवजी सौ.च्या कुंडीतल्या टोमॅटोला आधार दिलेली वेताची काडी घेतली. टोमॅटो तेव्हापासून जमिनीवर आहे. राहता राहिला मागून की पुढून हा प्रश्न. दाजी, तीस वर्षांत मी एकाही दातापर्यंत मागच्या बाजूने गेलेलो नाही, आमच्या धंद्यात ती सोयच नाही. हात आपोआप पुढून गेला. तीन गुंडाळ्या घातल्या. दोन दोऱ्याने ओढल्यावर बाहेर आल्या, चांगल्या काळ्या होऊन आल्या, मला फार समाधान वाटलं. तिसरीला दोरा बांधला होता की नाही, हे आता खात्रीने सांगता येत नाही.

हे चालू असताना बाईंनी साडेतीनच्या पेशंटला आत पाठवलं. आपल्या कोपऱ्यावरचे विमावाले, गेले वर्षभर दाढ काढायची टाळाटाळ करणारे. त्यांनी दार उघडलं तर तोंडाला मास्क बांधलेला मी, दिव्याच्या झोतात खुर्चीत रायफल, तिच्या गळ्यात नॅपकिन. ते दारातूनच अगदी नम्रपणे म्हणाले, "डॉक्टर, आता अजिबात दुखत नाही," आणि गेले. पण गुरुवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसले होते, आणि दाढ काढताना एकदाही हूं की चूं केलं नाही. गल्लीत काय बातमी गेली आहे कोण जाणे, पण दोन दिवस सगळे पेशंट वेळेवर येताहेत आणि सांगितलं की तोंड उघडताहेत. आता हा उपाय मी कायमचा ठेवावा असं बाईंचं मत आहे.

चार वाजता लेक आली. तिने रायफल उचलली, बोल्ट काढला, नळीतून उजेडाकडे पाहिलं. उजेड दिसला नाही. आरडाओरडा केला असता तर मी सांभाळून घेतलं असतं, पण तिने नुसतं विचारलं, "बाबा, यात काही अडकलंय. तुम्ही काही केलंत का?" आणि मी म्हणालो, नाही, आधीपासूनच असेल, कारखान्यातूनच तसं आलं असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. मग शनिवारी दुकानात परत देते. नळीत काही असताना गोळी झाडायची नाही, आतोबांचं नववं कलम आहे." दाजी, दुकानदार रायफल परत घेऊन कारखान्याकडे पाठवणार, म्हणजे महिना गेला. म्हणजे रविवार गेला. वर्षभर पहाटे उठून पोर सराव करते आहे, आणि तिचा रविवार माझ्या कपाटात कुलूपबंद पडला आहे.

तरी नम्र विनंती अशी की उद्या सकाळी आपण येऊन आपल्या अनुभवी हाताने नळीतली ती वस्तू काढावी, आणि असली चूक कारखान्यात होऊ शकते असं दोन शब्दांत लेकीला सांगावं. जाणकाराच्या शब्दाला वजन असतं. ताईला नमस्कार.

आपला आज्ञाधारक (नऊपैकी आठ कलमांपुरता) मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र पुन्हा वाचलं. कापूस माझाच आहे हे तुम्हाला तिसऱ्या परिच्छेदानंतर कळणारच, तेव्हा तुमच्याकडून कारखान्यावर खोटं बोलवून घेण्यात अर्थ नाही. वरची ती विनंती खोडली असं समजावं. कापूस मी घातला, पुढून घातला, आणि पोरीला नाही म्हणालो.

ता. क. २. लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. तुमचा दात हातात आला त्याच क्षणी मला दिसलं की तो चांगला आहे. पांढरा, मुळापर्यंत धडधाकट. मी तो पटकन ट्रेमध्ये टाकला. तुम्ही तोंडात कापूस असताना एकदाच विचारलंत, हाच होता ना, आणि मी हो म्हणालो. तुम्ही दातासाठी रागावला नाहीत, त्या 'हो'साठी रागावलात. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. चुकलो, दाजी. बुधवारी पोर माझ्याकडे अगदी तुमच्यासारखीच बघत होती.

ता. क. ३. वरचं सगळं लेकीला वाचायला दिलं. तिने शांतपणे वाचलं आणि दप्तरातून एक काळी पडलेली गुंडाळी काढून माझ्यापुढे ठेवली. ती तिने बुधवारीच संध्याकाळी गजाने, मागच्या बाजूने, दोन मिनिटांत काढली होती. नळी तेव्हाच पुसून लख्ख झाली. दुकानात परत देणार वगैरे नुसतं माझ्यासाठी होतं. शिवाय तिने त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला होता, आणि तुम्ही म्हणालात, "थांब, बोलू दे त्याला. तीन दिवसांत कबूल झाला तर मागच्यापेक्षा पुष्कळ सुधारणा आहे." म्हणजे वरच्या सगळ्या मजकुरात तुम्हाला नवं असं काही नाही आणि रायफलीला तुमची गरजही नाही. तुम्हाला बोलवायला माझ्याजवळ एकही कारण उरलेलं नाही. पण दोन वर्षं झाली, या घरात मला हसणारं कुणी नाही, आणि मला तुमची फार आठवण येते. रविवारी आठ वाजता ती पहिली गोळी झाडेल. या.